एलईडी लावल्यावर इंडिकेटर भराभर लुकलुकू लागला तर

गाडीचे जुने इंडिकेटर बल्ब काढून एलईडी बसवले, चावी फिरवली, उजवीकडचा इंडिकेटर दिला आणि नेहमीच्या संथ टिक-टिकऐवजी डॅशबोर्डमधून घाईघाईची टिकटिक ऐकू येऊ लागली, की पहिली शंका बल्बवर जाते. दुकानदाराने डुप्लिकेट माल गळ्यात मारला असे वाटते. बल्ब बदलून आणले तरी घाई तशीच राहते. मग शंका वायरिंगवर जाते आणि कोणीतरी टेस्टर घेऊन धडधाकट वायरी सोलायला बसतो.

बहुतेक वेळा बल्बही चांगला असतो आणि वायरिंगही. गाडी आपले नेमून दिलेले काम चोख करत असते. एका बाजूचा बल्ब गेला तर इंडिकेटरचा वेग वाढवायचा, म्हणजे चालवणाऱ्याला खाली न उतरता ते कळेल, अशी सोय तिच्यात मुद्दाम केलेली आहे. एलईडी इतकी कमी वीज घेतो की गाडीला तो बल्ब उडाल्यासारखाच वाटतो. म्हणून ती इशारा देते.

हे लक्षात घेतले की उपाय अवघड नाहीत. मात्र एका गाडीला चालणारा उपाय दुसरीला चालेलच असे नाही, आणि चुकीच्या जागी लावलेला रेझिस्टर बंपरचे प्लास्टिक वितळवू शकतो. शिवाय कोणताही उपाय केला तरी, दिव्यांवर लक्ष ठेवण्याचे जे काम आजवर गाडी करत होती, ते पुढे बऱ्याच अंशी आपल्या अंगावर येते. या तिन्ही गोष्टी क्रमाने पाहू.

गाडीला बल्ब गेल्याचे कळते कसे

इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या भागाला आपण फ्लॅशर म्हणतो. जुन्या गाड्यांत तो उष्णतेवर चालायचा. आत दोन धातूंची जोडपट्टी असते. बल्बकडे जाणाऱ्या करंटने ती तापते, वाकते, जोड सुटतो. थंड झाली की पुन्हा जोड बसतो. अशा फ्लॅशरवर एलईडी लावला तर पट्टी पुरेशी तापतच नाही. त्यामुळे दिवा रेंगाळत लुकलुकतो किंवा नुसता पेटून राहतो.

नंतर आलेले इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर हे काम छोट्या चिपकडून करून घेतात. बल्बकडे जाणाऱ्या वाटेवर अगदी कमी रोधाचा एक तुकडा असतो. त्याच्या दोन टोकांमधला व्होल्टेजचा फरक पाहून चिपला किती करंट जातो आहे ते समजते. भराभर लुकलुकण्याची तक्रार येते ती मुख्यतः याच प्रकारात.

आकडे पाहा. कारच्या एका बाजूला सहसा पुढे २१ वॉटचा आणि मागे २१ वॉटचा असे दोन मुख्य बल्ब असतात. आरशावर किंवा फेंडरवर ५ वॉटचा छोटा दिवा असला तर तो वेगळा. दोन मुख्य बल्बांचे मिळून ४२ वॉट, म्हणजे १२ व्होल्टला साडेतीन अँपिअर करंट. एक बल्ब उडाला की तो निम्म्यावर, पावणेदोन अँपिअरवर येतो. फ्लॅशरची लक्ष्मणरेषा या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी आखलेली असते. आता दोन्ही जागी तीन-तीन वॉटचे एलईडी लावले, तर करंट उरतो अर्धा अँपिअर. ही रेषा ओलांडून तो कितीतरी खाली गेलेला असतो. दुचाकीत बल्ब बहुधा १० वॉटचे असतात, पण हिशेब हाच.

आधी वेग मोजा

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १०२ नुसार इंडिकेटरचा दिवा अंबर, म्हणजे नारिंगीकडे झुकणाऱ्या पिवळ्या रंगाचा हवा, आणि तो मिनिटाला ६० पेक्षा कमी व १२० पेक्षा जास्त वेळा लुकलुकता कामा नये. घड्याळ घ्या, इंडिकेटर द्या आणि १५ सेकंदांत दिवा किती वेळा पेटतो ते मोजा. १५ ते ३० च्या आत असेल तर गाडी नियमात आहे. धडधाकट गाडीत हा आकडा साधारण २० ते २३ येतो. चाळिसाच्या आसपास गेला तर तो बल्ब गेल्याचा इशारा समजा.

या मर्यादेमागे कारण आहे. फार संथ दिवा मागच्याच्या नजरेतून निसटतो. फार वेगाने लुकलुकणारा दिवा दुरून, विशेषतः पावसात, थरथरणाऱ्या उजेडासारखा दिसतो आणि ही गाडी वळते आहे की नुसतीच चमकते आहे, याचा पत्ता लागत नाही. म्हणून भराभर लुकलुकणारा इंडिकेटर तसाच ठेवून गाडी चालवत राहू नये.

खरा बिघाड आहे का, ते पाहा

रेझिस्टर किंवा फ्लॅशर विकत घेण्याआधी चार गोष्टी तपासा.

पहिली, घाई दोन्ही बाजूंना आहे की एकाच? दोन्हीकडे सारखेच बल्ब बदलले असतील आणि एकच बाजू भराभर लुकलुकत असेल, तर त्या बाजूला काहीतरी पेटत नाही. गाडीभोवती चक्कर मारून एकेक दिवा पाहा.

दुसरी, बल्ब उलटा तर बसला नाही? काचेच्या बुडाचे, खाचेत दाबून बसवायचे छोटे बल्ब दोन्ही बाजूंनी बसतात. साध्या बल्बला त्याने फरक पडत नाही, पण एलईडीला प्लस-मायनस असते. पेटला नाही तर काढा, अर्धा फिरवा आणि पुन्हा बसवा.

तिसरी, होल्डर आणि अर्थ. आपल्याकडचा पावसाळा आणि कोकणातली खारी हवा यांचा पहिला मार होल्डरवर पडतो. आतला पितळी पत्रा हिरवट-पांढरा झाला असेल तर बारीक पॉलिश पेपरने साफ करा, स्प्रिंग थोडी वर उचला. अर्थची वायर चासीला जिथे स्क्रूने धरलेली असते तिथला गंज खरवडून ती पुन्हा आवळा. अर्थ कच्चा असेल तर इंडिकेटर देताच टेललाइटही बारीक लुकलुकते. हे दिसले तर एलईडीला दोष देऊ नका.

चौथी खूण हॅझर्डची. फक्त मागचे किंवा फक्त पुढचे बल्ब बदलले असतील तर हॅझर्डचे बटण दाबा. बऱ्याच गाड्यांत हॅझर्डला वेग सरळ होतो, कारण दोन्ही बाजूंचे जुने बल्ब मिळून फ्लॅशरला हवा तेवढा भार मिळतो. इंडिकेटरला घाई आणि हॅझर्डला नाही, असे झाले तर अडचण कमी भाराचीच आहे.

तरी शंका उरली तर जुने बल्ब परत लावा. वेग लगेच जागेवर आला, तर वायरिंगवर संशय घ्यायचे कारण नाही.

फ्लॅशर वेगळा आहे की गाडीच्या मेंदूत

उपाय निवडण्याआधीचा हा कळीचा प्रश्न आहे. इंडिकेटर देऊन आवाजाचा माग काढा. दुचाकीत फ्लॅशर बहुधा सीटखाली, बाजूच्या कव्हरमागे किंवा हेडलाइटच्या मागे सापडतो, स्कूटरमध्ये पुढच्या एप्रनच्या आत. जुन्या कारमध्ये तो डॅशबोर्डखालच्या फ्यूज बॉक्सपाशी किंवा हॅझर्ड स्विचच्या मागे असतो. डबीवर बोट ठेवले की आतली टिकटिक जाणवते. डबी ओढून काढली आणि इंडिकेटर बंद पडले, तर सापडला तुमचा फ्लॅशर.

अलीकडच्या बऱ्याच कारमध्ये अशी डबी नसते. दिवे, वायपर, दारांची कुलुपे हे सगळे एकच कंट्रोल युनिट सांभाळते आणि इंडिकेटर लुकलुकवण्याचे कामही तेच करते. टिकटिक ऐकू येते ती छोट्या स्पीकरमधून. अशा गाडीत बदलण्याजोगा फ्लॅशर नाही. ‘एलईडी फ्लॅशर टाकून देतो’ असे कोणी म्हणाले तर आधी तो कुठे बसतो ते दाखवायला सांगा.

पहिला उपाय: एलईडीसाठीचा फ्लॅशर

फ्लॅशर वेगळा असेल तर हाच उपाय सर्वांत नेटका आहे. बहुतेक दुचाकी आणि जुन्या कार यात बसतात. एलईडीसाठी बनवलेला फ्लॅशर करंट मोजून वेग ठरवत नाही. भार एक वॉटचा असो वा शंभराचा, तो आपल्या ठराविक चालीने लुकलुकत राहतो. वायर कापावी लागत नाही, काही तापत नाही, आणि पुढे जुने बल्ब परत लावले तरी तो चालतो. काही फ्लॅशरवर वेग कमी-जास्त करायचा बारीक स्क्रूही असतो. तो फिरवून १५ सेकंदांत २० ते २३ वेळा दिवा पेटेल असा वेग लावा.

घेताना जुना फ्लॅशर सोबत न्या. पुण्यातली नाना पेठ असो की तुमच्या गावातले स्पेअर पार्ट्सचे दुकान, नमुना हातात असला की चूक टळते. आधी पिना मोजा. दोन पिनांच्या फ्लॅशरवर सहसा ‘बी’ आणि ‘एल’ अशी इंग्रजी अक्षरे असतात. बी म्हणजे बॅटरीकडून येणारी वायर, एल म्हणजे दिव्यांकडे जाणारी. तीन पिनांचा असेल तर तिसरी ‘ई’, म्हणजे अर्थ. काही गाड्यांत अक्षरांऐवजी ४९, ४९ए आणि ३१ असे आकडे असतात. त्यांचा अर्थ अनुक्रमे बॅटरी, दिवे आणि अर्थ.

जुना फ्लॅशर दोन पिनांचा असतो तिथे एक अडचण येते. त्याला स्वतःला चालायला लागणारी वीज तो बल्बच्या वाटेनेच मिळवत असतो, आणि एलईडी लावल्यावर ती वाट अरुंद होते. म्हणून एलईडीच्या दोन पिनांच्या अनेक फ्लॅशरमधून एक सुटी काळी वायर बाहेर काढलेली असते. ती चासीच्या स्वच्छ, रंग खरवडलेल्या स्क्रूला नीट जोडा. ती लोंबकळत ठेवली तर फ्लॅशर नीट चालणार नाही.

तीन पिनांच्या फ्लॅशरमध्ये पिनांचा क्रम कंपनीनुसार बदलतो. डबी खाचेत बसली म्हणजे क्रम जुळला असे धरू नका. चावी चालू करून जिथे १२ व्होल्ट मिळतात ती बॅटरीची पिन, चावी बंद असताना मल्टिमीटरवर जिचा चासीशी सरळ जोड दिसतो ती अर्थची, उरलेली दिव्यांची. क्रम जुळत नसेल तर कपलरमधल्या पिना सोडवून अदलाबदल करा. घाईत बसवून फ्यूज उडवण्यापेक्षा हे सोपे आहे.

दुसरा उपाय: लोड रेझिस्टर

फ्लॅशर बदलता येत नसेल तर भार वाढवायचा. एलईडीच्या जोडीला रेझिस्टर लावला की जुन्या बल्बइतका करंट जातो आणि गाडीचे समाधान होते. उपाय साधा आहे, पण निष्काळजीपणे केला तर सर्वांत धोक्याचाही हाच.

मूल्य असे काढा: व्होल्टचा वर्ग करा आणि त्याला जुन्या बल्बच्या वॉटने भागा. १२ चा वर्ग १४४. २१ वॉटच्या बल्बसाठी १४४ भागिले २१, म्हणजे सुमारे ६.९ ओहम. म्हणूनच बाजारात ६ ओहम, ५० वॉट असे लिहिलेले सोनेरी ॲल्युमिनियम कवचाचे रेझिस्टर मिळतात. दुचाकीच्या १० वॉटच्या बल्बसाठी हे मूल्य साडेचौदा ओहमच्या आसपास येते. दुचाकीच्या एका बाजूचे पुढचे-मागचे दोन्ही बल्ब बदलले असतील तर दोघांना मिळून ७ ते ८ ओहमचा एकच रेझिस्टर पुरतो.

जुना बल्ब मल्टिमीटरवर मोजून मूल्य ठरवू नका. थंड तारेचा रोध तापलेल्या तारेच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकाच असतो. मीटर एक ओहमहूनही कमी दाखवेल, आणि त्या मापाचा रेझिस्टर लावला तर फ्यूज जाईल.

ट्रक आणि बससारखी २४ व्होल्टची वाहने असतील तर आणखी जपा. २१ वॉटसाठी तिथे २७ ओहमच्या आसपासचा रेझिस्टर लागतो. कारसाठीचा ६ ओहमचा तिथे लावला, तर इंजिन चालू असताना त्यात सव्वाशे वॉटहून जास्त उष्णता तयार होईल. तो जळेल आणि आजूबाजूच्या वायरीही घेऊन जाईल.

१२ व्होल्टच्या गाडीतही उष्णता कमी नसते. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४ व्होल्टच्या आसपास व्होल्टेज असते. तेव्हा ६ ओहमच्या रेझिस्टरमध्ये दिवा पेटलेला असताना सुमारे ३३ वॉट उष्णता तयार होते. दिवा निम्मा वेळच पेटतो म्हणून सरासरी १६ वॉट धरली, तरी सिग्नलला दोन मिनिटे उभे राहिल्यावर रेझिस्टरला हात लावता येत नाही. घाटात गाडी बंद पडून अर्धा तास हॅझर्ड चालू राहिले तर चारही रेझिस्टर तितका वेळ तापत राहतात. ‘५० वॉट’ ही त्याच्यावर लिहिलेली क्षमताही धातूच्या पत्र्यावर घट्ट बसवलेल्या रेझिस्टरची असते. हवेत लोंबकळणाऱ्याला ती लागू नाही.

दुहेरी टेपने बंपरच्या आत प्लास्टिकला चिकटवलेले रेझिस्टर मी पाहिले आहेत. टेपचा गोंद वितळून खाली ओघळलेला, रेझिस्टर एका कोपऱ्यावर कलंडलेला आणि प्लास्टिकवर त्याच्या मापाचा चकचकीत, मऊ पडलेला चौकोन. हे टाळायचे तर बसवण्याची पद्धत अशी ठेवा.

चावी बंद करून बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवा. रेझिस्टरसाठी बॉडीचा उघडा धातूचा पत्रा निवडा. जागा प्लास्टिक, फोम, वायरिंगचा जुडगा आणि पेट्रोलच्या नळीपासून दूर असावी. रेझिस्टरच्या कानांतल्या भोकांमधून दोन स्क्रूंनी तो पत्र्याला सपाट आवळा. भोक पाडण्याआधी पत्र्याच्या पलीकडे काय आहे ते पाहा.

आता जोडणी. रेझिस्टर बल्बच्या समांतर बसतो. त्याची एक वायर इंडिकेटरच्या चालू वायरीला आणि दुसरी अर्थला जोडायची. त्याला प्लस-मायनस नाही, कोणतीही वायर कुठेही चालते. बल्बकडे जाणारी वायर कापून मध्येच रेझिस्टर ओवला तर दिवा मंद होईल आणि वेगही सुधारणार नाही. होल्डरमागे दोनपेक्षा जास्त वायरी असतील तर इंडिकेटर देऊन टेस्ट लॅम्प लावा. जी वायर लुकलुकेल ती आपली. टेललाइटची वायर चुकून धरली तर रात्रभराच्या प्रवासात रेझिस्टर अखंड तापत राहील.

जोड कथलाचा डाग देऊन करा आणि त्यावर हीट श्रिंक स्लीव्ह चढवा, किंवा चांगल्या प्रतीचा दाबायचा कनेक्टर वापरा. वायर न सोलता तिला चावून धरणारे प्लास्टिकचे क्लिप सोपे वाटतात, पण त्या चिरेतून पाणी आत जाते आणि दोन पावसाळ्यांत तांबे काळे पडते. वायर पत्र्यातून ओवावी लागली तर भोकात रबरी ग्रोमेट बसवा, आणि वायर रेझिस्टरच्या अंगाला टेकणार नाही अशी बांधा.

काम झाल्यावर गाडी उभी ठेवून दहा मिनिटे हॅझर्ड चालू ठेवा. रेझिस्टरला हात लावू नका. तळहाताची मागची बाजू जवळ नेऊन ऊब कुठवर पोहोचते ते पाहा, आजूबाजूच्या वायरींच्या आवरणाकडे नजर टाका आणि वास घ्या. प्लास्टिक तापल्याचा वास आला तर जागा बदला.

एक गोष्ट मान्य करूनच पुढे जा: एलईडीने वाचवलेली सगळी वीज रेझिस्टर जाळून टाकतो. बॅटरीची बचत हाच हेतू असेल तर हा उपाय तो साधत नाही.

तिसरा उपाय: कॅनबस बल्ब किंवा सेटिंग

कंट्रोल युनिट असलेल्या गाड्यांसाठी ‘कॅनबस’ असे लिहिलेले एलईडी मिळतात. त्यांच्या आतच रेझिस्टर असतो, त्यामुळे वायरीला हात लावावा लागत नाही. पण उष्णता बल्बच्या पोटात, बंद दिव्यात अडकते. एलईडीला उष्णता सोसत नाही, म्हणून अशा बल्बचे आयुष्य पुष्कळदा कमी भरते. शिवाय काहींचा आतला भार गाडीच्या अपेक्षेपेक्षा कमी पडतो आणि घाई थांबत नाही. घेताना परत करण्याची सोय असलेला आणि अंगावर धातूचे पंखे असलेला घ्या.

काही गाड्यांचे कंट्रोल युनिट दिवा बंद असतानाही बारीक झटके सोडून बल्ब जागेवर आहे का ते चाचपते. साध्या बल्बला ते जाणवत नाहीत, एलईडी मात्र मधूनच मिणमिणतो. हा बिघाड नव्हे, त्या चाचपणीचीच खूण आहे. काही कंपन्यांच्या गाड्यांत ही तपासणी स्कॅनर लावून सेटिंगमध्ये बंद करता येते. काही मॉडेलच्या वरच्या श्रेणीत कंपनीचेच एलईडी इंडिकेटर असतात, तिथे तशी सेटिंग आधीपासून असू शकते. हे काम त्या गाडीची माहिती असलेल्याकडूनच करून घ्या. गाडी वॉरंटीत असेल तर सेटिंग बदलण्याआधी किंवा वायर कापण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारा.

दुचाकीत चारही दिवे एकदम लुकलुकले तर

फ्लॅशर बदलला, वेग बरोबर आला, पण डावा इंडिकेटर दिला की उजवाही लुकलुकतो, अशी तक्रार दुचाकीवाल्यांकडून हमखास येते. ज्या गाडीच्या मीटरवर डाव्या-उजव्याला मिळून एकच खुणेचा दिवा असतो, तिथे हे घडते. त्या दिव्याला वेगळा अर्थ नसतो. त्याचे एक टोक डाव्या वायरीला आणि दुसरे उजव्या वायरीला जोडलेले असते. डावा इंडिकेटर दिला की करंट खुणेच्या दिव्यातून उजव्या बल्बांत जातो आणि तिथून अर्थला पोहोचतो. १० वॉटच्या बल्बला पेटवायला तो अगदीच तोकडा असतो. एलईडीला मात्र तो पुरतो.

यावर दोन डायोड पुरतात. ‘१एन४००७’ क्रमांकाचा डायोड मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत किंवा कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात किरकोळ किमतीत मिळतो. काळ्या नळीसारख्या त्याच्या अंगावर एका टोकाशी रुपेरी पट्टा असतो. वीज बिनपट्ट्याच्या टोकातून आत शिरते आणि पट्ट्याच्या टोकातून बाहेर पडते, उलट जात नाही. खुणेच्या दिव्याच्या दोन्ही वायरी सोडवा. एका डायोडचे बिनपट्ट्याचे टोक डाव्या वायरीला, दुसऱ्याचे उजव्या वायरीला जोडा. पट्ट्याची दोन्ही टोके एकत्र पिळून खुणेच्या दिव्याच्या एका बाजूला लावा आणि दिव्याची दुसरी बाजू अर्थला द्या. आता कोणतीही बाजू चालू केली तरी खुणेचा दिवा लुकलुकेल, पण करंट पलीकडे जाणार नाही. प्रत्येक जोडावर स्लीव्ह चढवायला विसरू नका, मीटरच्या मागे जागा फार अरुंद असते.

बल्ब निवडताना

मागच्याला स्पष्ट दिसेल तोच दिवा चांगला, आणि याची परीक्षा दुकानातल्या काउंटरवर होत नाही. दिव्याच्या आतला आरसा आणि काच तारेच्या बल्बसाठी घडवलेली असते. ती तार चहूबाजूंना उजेड टाकते, तर बरेच एलईडी फक्त समोर टाकतात. असा दिवा सरळ मागून झगझगीत दिसतो आणि बाजूने येणाऱ्या दुचाकीस्वाराला मंद.

म्हणून आधी एकाच बाजूला एलईडी लावा, दुसरीकडे जुना बल्ब राहू द्या. भर दुपारी हॅझर्ड चालू करून पंधरा-वीस पावलांवर उभे राहा आणि दोन्हीची तुलना करा. मग तिरपे सरका, गाडीच्या कोपऱ्याकडून पाहा. तिथे एलईडी जुन्यापेक्षा फिका वाटला तर तो बल्ब परत करा. पॅकेटवर किती ल्युमेन लिहिले आहेत हे तिथे कामाला येत नाही.

रंग अंबरच घ्या, काच पारदर्शक असो वा नारिंगी. नारिंगी काचेमागे पांढरा एलईडी लावला तर त्याचा बराच उजेड काचेतच अडतो. बूड तपासा. साध्या काचेच्या २१ वॉटच्या बल्बचे दोन खिळे समोरासमोर असतात, नारिंगी काचेच्या बल्बचे थोडे एका अंगाला. बसत नाही म्हणून खिळा घासू नका. तो चुकीचा बल्ब आहे.

लक्ष ठेवणे आता आपल्याकडे

फ्लॅशर बदलला किंवा रेझिस्टर लावला की भराभर लुकलुकणे थांबते, आणि त्याबरोबर गाडीचा इशाराही संपतो. उद्या मागचा एलईडी खरोखरच बंद पडला तरी टिकटिक संथपणे चालू राहील आणि तुम्हाला पत्ता लागणार नाही. म्हणून आठवड्यातून एकदा, हवा भरायला थांबाल तेव्हा, हॅझर्ड चालू करून गाडीभोवती एक फेरी मारा. रात्री पार्किंगच्या भिंतीवर पडणारा उजेडही पुरेसा सांगतो. जुन्या बल्बचा एक जोड डिकीत किंवा टूलकिटमध्ये ठेवा.

हे सगळे वाचून खटाटोप नको वाटला, तर जुन्याच प्रकारचा चांगला बल्ब परत लावण्यात काहीही कमीपणा नाही. तो स्वस्त आहे, तुमच्या दिव्याच्या काचेला तोच जुळतो आणि गेला की गाडी स्वतःच सांगते. एलईडी ठेवायचाच असेल तर फ्लॅशर वेगळा असलेल्या गाडीत फ्लॅशर बदला, कंट्रोल युनिटच्या गाडीत आधी सेटिंग किंवा कॅनबस बल्ब पाहा, आणि ते जमले नाही तरच धातूवर आवळलेला रेझिस्टर लावा. वळण्याआधी मागच्या माणसाला ते वेळेवर आणि निःसंशय कळावे, एवढ्यासाठी इंडिकेटर आहे. या कसोटीला उतरेल तोच बल्ब गाडीत राहू द्या.